जीवाश्मांच्या नादाला लागावं का? विट्याहून आलेल्या प्रश्नाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. विट्याजवळच्या गावातली मुलगी, बारावी सायन्स, वडील कोईम्बतूरला गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात. तिला प्राचीन सस्तन प्राण्यांचे जीवाश्म आणि त्या काळचं हवामान यांचा अभ्यास करायचा आहे. तिला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: यात नोकरी मिळते का, आपल्याकडे सगळा काळा खडकच असताना सुरुवात कुठून करायची, आणि मुलीला हे जमतं का. सोबत येरळा नदीच्या काठावर सापडलेल्या एका ‘हाडा’चा फोटो आहे. फोटोबद्दल शेवटी बोलते.

मी खटाव तालुक्यातली, म्हणजे तुझ्याच येरळेच्या वरच्या अंगाची. पंचवीस वर्षं हेच काम करते आहे. तू ‘मॅडम’ लिहिलं आहेस, ताई म्हटलंस तरी चालेल. मी तुला तूच म्हणते, राग मानू नकोस.

‘नोकरी मिळते का’ हा प्रश्न मला तुझ्यापेक्षा तुझ्या वडिलांचा वाटतो, आणि तो विचारण्यात त्यांचं काही चुकत नाही. पण त्याच्या पोटात दोन प्रश्न आहेत. एक, कायमचा पगार सुरू व्हायला तुझी तिशी उलटली तर घर तेवढं थांबू शकेल का? दोन, तोवर रोज जे काम करावं लागतं ते तुला खरंच आवडेल का? पहिल्याचं उत्तर तुमच्या घरावर अवलंबून आहे, ते मी इथे बसून देऊ शकत नाही. म्हणून दुसऱ्यापासून सुरुवात करते, कारण हे काम नेमकं काय असतं याची कल्पना बहुतेकांना नसतेच.

लोकांच्या डोळ्यांसमोर येतो तो ब्रश घेऊन हत्तीचा सांगाडा उघडा करणारा माणूस. असा सांगाडा माझ्या वाट्याला पंचवीस वर्षांत एकदाही आलेला नाही. माझ्या वाट्याला आले ते दात. सस्तन प्राण्याच्या अंगातला सगळ्यात टिकाऊ भाग म्हणजे दातावरचं एनॅमल. हाड सच्छिद्र असतं, जमिनीतलं पाणी त्यात शिरतं आणि त्याचं मूळचं रसायन बदलून टाकतं. एनॅमल जवळजवळ सगळं खनिजच असतं, ते तग धरतं. शिवाय सस्तन प्राण्यांच्या दाढांवरचे उंचवटे आणि खोबणी जातीगणिक वेगळी असतात. एका सुट्या दाढेवरून उंदीर कुठल्या कुळातला हे सांगता येतं. पाल किंवा मगर यांच्या दातांवरून इतकं नेमकं सांगणं अवघड जातं.

आता हा उंदराचा दात केवढा? एक-दोन मिलिमीटर. तो डोळ्यांनी शोधून सापडत नाही, चाळावा लागतो. तुझ्या घरी हे सांगणं सोपं आहे. सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा फुकट जात नाही, झारेकरी तो धुतात, चाळतात आणि त्यातून सोन्याचा कण काढतात. आमचं काम तेच आहे. योग्य थरातली माती पोत्यांत भरायची, उन्हात कडक वाळवायची, काही वेळा रॉकेलमध्ये भिजवून मग पाण्यात टाकायची म्हणजे चिकणमातीचं ढेकूळ आपोआप फुटतं, आणि मग अर्ध्या मिलिमीटरच्या जाळीवर धूत बसायचं. जाळीवर जे उरतं ते वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या बारीक ब्रशने कण न् कण वेचायचं. तेलंगणातल्या नास्कल इथे दोन लाव्हाथरांच्या मधल्या मातीतून १९८८ मध्ये प्रसाद आणि साहनी यांनी ‘डेक्कनोलेस्टेस’ हा प्राणी जगापुढे आणला. डायनासोरांच्या अखेरच्या काळातला हा चिचुंद्रीएवढा सस्तन प्राणी आधी ओळखू आला तो अशाच चिमुकल्या दातांवरून. मी स्वतः एका हंगामात दोन-तीन टन माती धुतली आहे आणि हाती आलेले चांगले दात दोन्ही हातांच्या बोटांवर मोजले आहेत.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी सहा पोती माती ओली असतानाच बांधली आणि थराचा क्रमांक लिहिलेली कागदी चिठ्ठी आत टाकली. प्रयोगशाळेत पोतं उघडेपर्यंत चिठ्ठीचा लगदा झाला होता. मातीत दात होते, पण ते कुठल्या थरातले हे कळायला मार्ग नव्हता, आणि थर माहीत नसलेला दात म्हणजे सुंदर खडा. दोन महिन्यांची मेहनत तशीच टाकून दिली. तेव्हापासून दोन चिठ्ठ्या करते, एक बाहेर बांधलेली आणि एक झाकणाच्या प्लास्टिकच्या नळीत. हे एवढ्यासाठी सांगितलं की या कामात नव्वद टक्के नीटनेटकेपणा लागतो. हे वाचून कंटाळा आला असेल तर आत्ताच थांबलेलं बरं, आणि त्यात कमीपणा काही नाही.

आता हवामानाकडे येऊ. दातावरून पाऊसपाणी कसं कळतं? वाळवा तालुक्यातल्या एखाद्या म्हशीचा विचार कर. ती उसाचं वाढं खाते, कडबा खाते. तुझ्या गावातली शेळी बाभळीचा आणि बोरीचा पाला ओरबाडते. ऊस, ज्वारी, बाजरी, मका आणि उष्ण प्रदेशातली बहुतेक गवतं हवेतला कार्बन एका पद्धतीने पकडतात, तिला सी-४ म्हणतात. झाडं, झुडपं, गहू, भात, हरभरा दुसऱ्या पद्धतीने, ती सी-३. दोन्हींत कार्बन-१३ या जड कार्बनचं प्रमाण वेगळं राहतं, आणि जे खाल्लं त्याची खूण एनॅमलमध्ये उतरते. त्या म्हशीचा आणि शेळीचा दात दंतवैद्याच्या ड्रिलने थोडासा खरवडला, काही मिलिग्रॅम भुकटी साफ करून मास स्पेक्ट्रोमीटर या जड-हलके अणू वेगळे मोजणाऱ्या यंत्रात घातली, तर आकड्यांवरून कोण गवतावर जगलं आणि कोण पाल्यावर, हे कळतं. जड कार्बनच्या मापावर म्हैस शून्याच्या आसपास येते, शेळी उणे दहा-बाराच्या घरात.

हीच युक्ती हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांत वापरली गेली. तिथले प्राण्यांचे दात आणि जुन्या मातीतले चुनखडीचे गोटे तपासल्यावर दिसलं की साधारण ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी त्या भागातली झाडी हटली आणि सी-४ गवताळ रानं पसरली. पाला आणि फळं खाणारे प्राणी मागे पडले, उंच दाढांचे चरणारे प्राणी वाढले. सिवापिथेकस नावाचा ओरांगउटानच्या नात्यातला वानर तिथे होता, तोही त्याच सुमारास दिसेनासा झाला. हा बदल मान्सून जोरात आल्यामुळे झाला, कोरडेपणा वाढल्यामुळे, वणव्यांमुळे, की हवेतला कार्बन डायऑक्साइड घटल्यामुळे, यावर अजून भांडणं चालू आहेत. मी कोरडा ऋतू लांबल्याच्या बाजूची. माझ्या शेजारच्या खोलीतले सहकारी नाहीत. एकाच दातावरून ‘हवामान अमुक होतं’ असं कुणी ठामपणे सांगितलं तर त्याच्याकडे जरा संशयाने बघ. दात आधी सांगतो तो त्या जनावराने काय खाल्लं आणि काय प्यायलं. हवामान हा त्यावरचा आपला तर्क.

प्यायलेल्या पाण्यातून दातात उतरलेला ऑक्सिजन याहून बारीक गोष्ट सांगतो. घोडा किंवा गाय यांची उंच दाढ टोकाकडून मुळाकडे हळूहळू तयार होते, वर्ष-दीड वर्ष लागतं. त्या उंचीवर ओळीने दहा-पंधरा बारीक चरे पाडून भुकटी घेतली तर पावसाळ्यातलं पाणी आणि उन्हाळ्यातलं पाणी वेगळं दिसतं. लाखो वर्षांपूर्वीच्या एका घोड्याच्या आयुष्यातला एक पावसाळा आलेखावर खाली वाकलेला दिसतो. पहिल्यांदा तो वाक पाहिला तेव्हा मी रात्री अकराला घरी फोन केला होता. आईने विचारलं, “जेवलीस का?”

आता आपल्या भागाबद्दल. काळा खडक आहे हे तुझं म्हणणं खरं. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक सांडत गेला आणि आपली जमीन झाली. लाव्हात जीव टिकत नाही. दोन लाव्हांच्या मधल्या काळात जी तळी साचली त्यांच्या गाळात जीवाश्म मिळतात, पण अशी ठिकाणं मुख्यतः दख्खनच्या पूर्वेकडच्या कडेला, नागपूर, जबलपूर, तेलंगण या बाजूला. आपल्याकडे थर जाड आणि मधले गाळ विरळ. खाली खोल गेलं तर सापडेल का? कोयना परिसरात गोठणे इथे भूकंपाच्या अभ्यासासाठी ३ किलोमीटर खोल भोक पाडलं गेलं. त्यात सुमारे सव्वा किलोमीटर बेसॉल्ट, म्हणजे हाच काळा खडक लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा जुना खडक. मध्ये गाळाचा थरच नाही. म्हणजे आपल्या पायाखाली डायनासोर दडलेत ही आशा सोडून दे. हे काम बघणारी प्रयोगशाळा कऱ्हाडलाच आहे, कॉलेजची सहल निघाली तर आवर्जून जा.

आणि गावोगावी दाखवली जाणारी ‘डायनासोरची अंडी’ म्हणजे कांद्यासारखा पापुद्रे सुटत गोल झिजलेला बेसॉल्ट असतो. मला आजवर निदान तीसएक वेळा ती दाखवली गेली आहेत, एकदा हळदकुंकू वाहिलेली.

पण म्हणून आपला भाग कोरा नाही. एखाद्या जुन्या विहिरीत उतर आणि विहीर खोदणाऱ्या माणसाला विचार. तो सांगेल: वर मुरूम, मग मांजऱ्या (एक मऊसर खडक), मग काळा पाषाण, आणि मध्येच एक तांबड्या मातीचा पट्टा. हा तांबडा पट्टा म्हणजे दोन लाव्हांच्या मधल्या शांत काळात जे झिजलं आणि रापलं, त्याचं मागं राहिलेलं. काही ठिकाणी ती खरी माती आहे, काही ठिकाणी ज्वालामुखीची राख कुजून झालेली. त्या काळी पाऊस आणि उष्णता किती होती याचा अंदाज त्यातल्या खनिजांवरून बांधता येतो. जीवाश्माशिवाय जुनं हवामान वाचायची सुरुवात इथूनच होऊ शकते, आणि त्यासाठी हिमालयात जायला नको.

दुसरी जागा म्हणजे नद्यांचा जुना गाळ. रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाने १८७४ मध्ये गोकाकजवळ घटप्रभेच्या गाळात मिळालेल्या गेंड्याचं वर्णन छापलं आणि त्याला दख्खनचं नाव दिलं, ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस. घटप्रभा शेवटी कृष्णेलाच मिळते. घोड आणि गोदावरीच्या गाळात रानबैल, हत्ती, पाणघोडा यांची हाडं आणि दात मिळाले आहेत. यावर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गो. ल. बादाम यांनी आयुष्यभर काम केलं. पाणघोड्याला बारमाही खोल पाणी लागतं. आज उन्हाळ्यात जिथे टँकर फिरतो तशा खोऱ्यात तो कधीकाळी डुंबत असेल तर पाण्याचं गणित तेव्हा वेगळं होतं, इतकं नक्की. माण-खटावच्या माणसाला हे वाचून काय वाटतं ते तुला सांगायला नको.

आता मार्ग. इथे मी भरभर जाते, कारण प्रवेशाचे नियम बदलत राहतात आणि ते त्या त्या वर्षी तपासावेच लागतात. बीएस्सीला भूशास्त्र हा विषय मुख्य घे. प्राणिशास्त्रातून येणारे हुशार विद्यार्थी मी पाहिले आहेत, पण एमएस्सी जिऑलॉजीला पदवीला भूशास्त्र मागतात, तिथे ते अडतात. दुसरा रस्ता आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थांचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम, पुण्याच्या आयसरमध्ये पृथ्वी आणि हवामान विज्ञानाचा विभाग आहे. बीएस्सीनंतर आयआयटीची जॅम परीक्षा जिऑलॉजीत दे, चांगल्या ठिकाणी एमएस्सी कर. त्यानंतर सीएसआयआर-नेट अर्थ सायन्सेस किंवा गेट. पीएचडीसाठी या विषयात डेहराडूनची वाडिया संस्था, लखनौची बिरबल साहनी संस्था, आयआयटी रुडकी, चंडीगडचं पंजाब विद्यापीठ, दिल्ली विद्यापीठ ही नावं ठळक. पण संस्थेआधी मार्गदर्शक बघ. त्यांचे आधीचे विद्यार्थी आज कुठे आहेत आणि किती वर्षांत सुटले, हे त्या विद्यार्थ्यांनाच फोन करून विचार. यात लाजायचं नाही.

एमएस्सीच्या आधी दोन गोष्टी मात्र शिकून घे, ज्या मी उशिरा शिकले आणि पस्तावले: संख्याशास्त्र आणि थोडं प्रोग्रॅमिंग. दात वेचायला जितका वेळ जातो त्याहून जास्त वेळ आकड्यांशी झटापटीत जातो.

पैशांचं सरळ सांगते. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, शिवाय घरभाडं. एकट्या माणसाचं भागतं, घरी थोडं पाठवता येतं. पण पैसे वेळेवर येतीलच असं नाही. माझ्या वेळी एकदा सलग आठ महिने शिष्यवृत्ती अडकली होती, मी मेसवाल्या काकूंच्या मुलाची शिकवणी घेऊन दिवस काढले. पीएचडी पाच वर्षं, नंतर दोन-तीन वर्षं पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम, मग सहायक प्राध्यापक किंवा शास्त्रज्ञाची जागा निघाली तर. केंद्रीय विद्यापीठात सुरुवातीचा मूळ पगार ५७,७०० आहे, तो चांगलाच आहे. जागा कमी आहेत, तीच खरी अडचण. फक्त सस्तन प्राण्यांच्या जीवाश्मांची म्हणून जाहिरात देशात क्वचितच निघते.

म्हणून वडिलांना सांगताना ‘मी हाडं शोधणार’ असं सांगू नकोस, ‘मी भूशास्त्र शिकणार’ असं सांग. हे खोटं नाही. भूशास्त्राच्या एमएस्सीवर यूपीएससीची भूवैज्ञानिकांची परीक्षा देता येते, त्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळात जागा मिळतात. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आहे. तेल कंपन्यांना सूक्ष्मजीवाश्म ओळखणारी माणसं लागतात. नेट-सेट झाली तर कॉलेज आहे. माझ्या वर्गातले जे जीवाश्मांत टिकले नाहीत ते उपाशी राहिलेले नाहीत. एकजण आज बोअरवेलला पाणी कुठे लागेल ते सांगतो आणि माझ्यापेक्षा मोठ्या गाडीतून फिरतो.

वाट बघण्याची तयारी किती लागते याचं एक उदाहरण. ए. रंगा राव नावाच्या भूवैज्ञानिकाने जम्मूतल्या कालाकोट इथून दगड गोळा केले. त्यांच्या हयातीत ते सगळे फोडून तपासले गेले नाहीत, घरात पडून राहिले. त्यांच्या पश्चात त्यांच्या पत्नीने ते थेविसन या अमेरिकेतल्या संशोधकाकडे सोपवले. कवटी साफ करताना एक तुकडा मोडला, आणि आत देवमाशाच्या कानासारखं जाड हाड दिसलं. मांजराएवढा, खुरांचा, ‘इंडोहायस’ नावाचा तो प्राणी देवमाशांचा जवळचा नातलग निघाला. हे छापून आलं २००७ मध्ये. रंगा रावांना ते बघायला मिळालं नाही. मला ही गोष्ट आवडते आणि तिची भीतीही वाटते. तुला ऐकून नुसता आनंद झाला तर अजून विचार कर. नुसती भीती वाटली तरी.

मुलीला जमतं का? जमतं. अडचण चढण्याची किंवा पोती उचलण्याची नसते, सातारा-सांगलीच्या पोरींना ते नवं नाही. अडचण असते लघवीला कुठे जायचं, पाळीच्या दिवसांत नदीपात्रात आठ तास कसे काढायचे आणि रात्री मुक्कामाला दाराला कडी आहे का याची. हिमाचलात हरितल्यांगरला पहिल्यांदा गेले तेव्हा चमूत मी एकटीच मुलगी होते, आणि दिवसभर पाणी न पिता काम करून आजारी पडले. आता माझ्या चमूत निदान दोन मुली असल्याशिवाय मी निघत नाही, आणि मुक्काम आधी स्वतः बघते. पीएचडीचा मार्गदर्शक निवडताना हेही विचारायचं: चमूत मुली असतात का, राहायची सोय कोण करतं. जो या प्रश्नावर हसेल त्याच्याकडे जाऊ नकोस.

तोवर घरी करण्यासारखं एक काम. खाटकाकडून शेळीचा आणि जमल्यास डुकराचा जबडा आण, उकळून साफ कर, शेजारी शेजारी ठेव आणि दाढा वहीत काढ. पाला रवंथ करणाऱ्याची दाढ आणि मिळेल ते खाणाऱ्याची दाढ यांत फरक काय, हे स्वतःच्या शब्दांत लिही. घरात ओरडा बसेल, तो खा.

आता फोटो. ते हाड नाही. तुला मधल्या भोकामुळे नळीच्या हाडासारखं वाटलं, कुणालाही वाटेल. मीही एकोणीस वर्षांची असताना असंच एक ‘हाड’ रुमालात गुंडाळून सरांकडे नेलं होतं. तुटलेल्या टोकाकडे भिंगातून बघ: हाड असतं तर कडेला घट्ट भाग आणि आत स्पंजासारखी जाळी दिसली असती. तुझ्या फोटोत भोकाभोवती वर्तुळं दिसतात. झाडाचं मूळ जमिनीत होतं, त्याच्याभोवती चुना साचत गेला, मूळ कुजून गेलं आणि नळी राहिली. त्यावर लिंबू पिळलंस तर फेस येईल. असा चुना जमिनीत साचतो तो पाऊस बेताचा आणि ऊन कडक असेल तेव्हा, म्हणजे ती नळी तयार झाली तेव्हाचं हवामान त्यात आहे. शिवालिकमध्ये ज्या चुनखडीच्या गोट्यांवरून गवत पसरल्याचं कळलं, ते याच जातीचे.

फोटोत पट्टी किंवा नाणं ठेवलेलं नाही, त्यामुळे आकार कळत नाही. पुन्हा तिथे जाशील तेव्हा काही उकरू नकोस. नळी काठाच्या भिंतीत अजून रुतलेली असेल तर जागेवरच पट्टी धरून फोटो घे, वरच्या जमिनीपासून ती किती खाली आहे ते मोज, नळ्या उभ्या आहेत की आडव्या ते बघ, मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश लिहून ठेव. उभ्या असतील तर झाड तिथेच उगवलेलं होतं. आडव्या आणि मोडक्या असतील तर पुराने वाहून आणलेल्या. ते पाठव, मग पुढचं बोलू. आणि येरळेला पाणी असेल तर एकटी जाऊ नकोस.